जमलं का?

आमच्या लॅबच्या टेबलावर सांडून वाळलेलं रेझिन आणि माझ्या डोक्यात साठलेले किस्से, दोन्ही खरवडून निघत नाहीत. लातूरच्या पॉलिटेक्निकात मी पोरांना कंपोझिट शिकवते. डाळमिलचं जुनं बारदान कापायचं, त्यावर रेझिन ओतायचं, फळी तयार!

पहिल्याच दिवशी सांगितलं, "दोन वेगळ्या वस्तू एकत्र आल्या की दोन्हींपेक्षा मजबूत, ते कंपोझिट."

मागून इमरान ओरडला, "मग मी अन् बालाजी कंपोझिटच हाव मॅडम! येगळं बसवलं की दोघं बी नापास!"

*

रेझिन घट्ट झालं की आमच्याकडे 'जमलं' म्हणतात. त्यामुळे सकाळी माझा पहिला प्रश्न, "जमलं का?"

इमरानचं रेझिन दुसऱ्या दिवशीही मधासारखं चिकट. "जमून राहिलंय मॅडम, जरा टाइम द्या!"

रेझिन घट्ट करणाऱ्या हार्डनरच्या बाटलीचं सील पाहिलं, तर ते फोडलेलंच नव्हतं!

*

पुढच्या वेळी पठ्ठ्याने हार्डनर आठवणीने घातलं, पण साच्याला मेण लावायचं विसरला. फळी ओढली तर साचाही सोबत आला.

"बाँडिंग लई भारी हाय मॅडम!"

*

लोहा गावची शिवकन्या मात्र वर्गात सगळ्यात हुशार. तिची फळी गुळगुळीत, वजनं ठेवून तपासलेली. त्या सकाळी मी तिला नेहमीसारखं विचारलं, "जमलं का गं?"

पोरगी हमसून रडायलाच लागली.

इमरान हळूच म्हणाला, "फळीचं न्हाई मॅडम, लग्नाचं जमून राहिलंय. शिक्षण बंद. आज तिचे बाबा न्यायला येऊन राहिलेत."



*

दुपारी बाबा आले. दोन विटांवर शिवकन्येने आपली फळी आडवी ठेवली.

"बाबा, हे मी केलंय. उभं राहून बघा."

"अन् मोडलं तर, माय?"

"परत करीन."

त्यांनी चपला काढल्या. मी म्हटलं, "अहो, चपलेसकट चढा, काही होत नाही."

"न्हाई मॅडम, लेकीच्या हातचं हाय."

ते जपून चढले. फळी किंचित वाकली आणि थांबली. बाबा बराच वेळ पायांकडे बघत राहिले.

"अजून किती शिकायचं ऱ्हायलंय?"

"एक वर्ष, बाबा."

फळीवरून न उतरताच त्यांनी घरी फोन लावला.

"अगं, पाव्हण्यांना सांगून टाक. आपलं काय जमत न्हाई."