मिथेन, इथेन आणि हुतूतू

पहिल्या खेपेला मी इंटर सायन्सला आपटलो तो खेळून नव्हे, न खेळल्यामुळे. परीक्षा आली म्हणून संध्याकाळचा हुतूतू बंद केला आणि दिवसभर माळ्यावर पुस्तक घेऊन बसलो. उन्हाळ्यात पत्रा तापायचा, डोळ्यांपुढे अक्षरं आणि डोक्यात झोप. रसायनशास्त्रात गचकलो. निकालाच्या दिवशी वडिलांनी बजावलं, "एक डाव माफ. आता आपटलास तर बुकं चुलीत आन् तू खाचरात."

आमच्या वडिवळ्यात भाताची खाचरं सोडून दुसरं होतं काय? मला कॉलेज हवं होतं, अगदी जीव टाकून हवं होतं. म्हणून दुसऱ्या वर्षीही मी शहाण्यासारखा माळ्यावर चढायच्या बेतात होतो, तेवढ्यात आबा दारात हजर. आबा म्हणजे आमच्या शेजारच्या खाचराचे मालक आणि गावच्या संघाचे कारभारी. गुडघ्यामुळे स्वतः खेळत नसत, पण कुणाचा दम किती ते नुसतं ऐकून सांगत.

"जत्रंत आंबी गावाशी सामना हाय. चढाईला तूच पायजेस."

"आबा, त्याची परीक्षा हाय," वडील गुरगुरले.

आबा ढिम्म. मलाच विचारलं, "तुझं पाठ काय व्हईना?"

"मिथेन, इथेन, प्रोपेन, ब्युटेन... अशी लांबलचक माळ हाय."

"मंग हुतूतूच्या जागी तीच म्हन की! दमबी वाढंल, पाठबी व्हईल."

वडिलांनी कपाळावर हात मारला, पण आबांना नाही कोण म्हणणार? रोज एक तास कबूल झाला.

काय सांगू त्या तासाची मजा! कॉलेज सुटलं की कामशेतला गाडीतून उतरायचं, घरी वह्या टाकायच्या आणि मैदान गाठायचं. अंगाला माती लागली की डोक्यातली जळमटं साफ. मी रेघ ओलांडायचो ते "मिथेन इथेन प्रोपेन" करत, पलीकडचे गडी हसून लोळायचे आणि तेवढ्यात मी दोघांना शिवून यायचो. रात्री पुस्तक उघडलं की सगळं आधीच ओळखीचं वाटे. आठवड्याभरात मी एका दमात डेकेनपर्यंत पोचलो. दुसऱ्या आठवड्यात त्यांची सूत्रंही दमात बसवली.

जत्रेचा सामना परीक्षेच्या आठ दिवस आधी झाला. अख्खं गाव लोटलं होतं, पंच म्हणून लोणावळ्याहून शिट्टीवाले ड्रिल मास्तर आले होते. दोन्हीकडचे गुण बरोबरीत आणि शेवटची चढाई माझी! रेघ ओलांडली, त्यांचा कोपऱ्यातला गडी शिवला, दोघांच्या हातातून निसटलो आणि परत आलो. आमच्या लोकांनी टोप्या उडवल्या.

तेवढ्यात शिट्टी.

"गडी बाद! दम हुतूतूचा नाही!"

आंबीवाले ओरडत होते, "मंतर मारत हुता त्यो!" तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. मी चढाईभर मिथेन, इथेनच घोकत होतो. एका गुणाने हरलो. वडील गर्दीतून उठले आणि माझ्याकडे न बघता घरी चालते झाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आबा लंगडत आले. मला वाटलं, आता मुस्काटात बसणार.

"समदी माळ म्हनलास? मधी एकबी सुटलं न्हाई?"

"न्हाई."

"एवढी मान्सं अंगावर आली तरी?"

"न्हाई, आबा."

"मंग जा, पेपर लिही," म्हणाले आणि पाठीवर सणसणीत थाप मारली.

पेपर लिहिले. वडील मात्र तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलत. जूनमध्ये कामशेत स्टेशनवर वर्तमानपत्र घेतलं. निकालाच्या आकड्यांवरून बोट फिरवत गेलो. नंबर सापडला! तीनदा पाहिला. तोच. मी पेपर मुठीत धरून जो पळत सुटलो तो थेट आमच्या खाचरात. वडील बांध घालत होते.

"पास झालो!"

वडिलांनी फावडं टाकलं. माझ्याकडे पाहिलं. मग ते वळले आणि शेजारच्या खाचरात वाकलेल्या आबांना सगळं शिवार ऐकेल एवढ्या मोठ्यांदा हाक मारली,

"आबा, जिकलो आपून!"