कुलूपबंद घरातली शिट्टी

मंडळी, अजून अंगावर काटा आहे.

आज दुपारी खामगावात वादळ येऊन गेलं. भरदिवसा अंधार पडला, लाईट गेली, मोबाईलही बंद. वारा थांबला तसे बाबा जुनी शिट्टी घेऊन दारात आले. पासष्टच्या लढाईत, ब्लॅकआउटच्या वेळी गल्लीनं ठरवलं होतं: एक शिट्टी म्हणजे आम्ही ठीक, दोन म्हणजे धावून या.

बाबांनी एकदा वाजवली. समोरच्या कुलूपबंद घरातून दोन शिट्ट्या आल्या.

मी कुलपाकडे बघतच राहिलो. बाबा ओरडले, "पाह्यतो काय बे? तोड कुलूप!"

आत म्हाताऱ्या शांताकाकू पडलेल्या, शिट्टी मुठीत. मुलगा बाहेरून कुलूप लावून शेगावला गेलेला.

"सकाळपासून वाजवून राह्यली मी," काकू म्हणाल्या.

सकाळी आमच्याकडे टीव्ही चालू होता.

तुमच्या गल्लीत काय ठरलंय?