एल्मीर राजमा घेऊन शाळेत गेली

सोमवार म्हणजे राजमा हा गावचा रिवाज, त्यामुळे आज एल्मीर मेलांसाँच्या चुलीवर राजमा होता, पण त्याच्याहून जास्त रटरटत होती ती एल्मीरच.

शाळेत वारसा दिन होता. मोठं भांडंभर राजमा-भात आणा, मुलांना फ्रेंचमधले दोन गोड शब्द सांगा, असं पत्र आलं होतं.

"गोड शब्द म्हणे!" ती कांद्यावर सुरी आपटत म्हणाली.

"अगं, सत्तर वर्षं झाली. सोड ना," धाकटा भाऊ क्लोविस सॉसेजच्या चकत्या करता करता म्हणाला.

"तुला काय जातंय सोड म्हणायला? गुडघे माझे होते."

सात वर्षांची एल्मीर याच शाळेत जेवताना बोलली होती, "आणखी राजमा द्या." बोलली ती फ्रेंचमध्ये, गावातल्या जुन्या फ्रेंच घरांसारखी तिच्याही घरात दुसरी भाषाच नव्हती; शाळेत मात्र इंग्रजीशिवाय बोलायला बंदी होती. बाईंनी जमिनीवर कोरडा राजमा पसरला आणि सुट्टी संपेपर्यंत तिला त्यावर गुडघे टेकायला लावलं. पुढे मुलांवर तशी वेळ नको म्हणून त्यांच्याशी ती मोडक्यातोडक्या इंग्रजीतच बोलली. आज नातवंडांना तिच्या फ्रेंचमधली एक ओळही समजत नव्हती. ते तिला गुडघ्यांपेक्षा जास्त खुपायचं.

तिने थोडा राजमा भांड्याच्या कडेला चेचला. रस्सा दाटला, तोच मुख्याध्यापक हॅरेल भांडं न्यायला आले.

"एल्मीरबाई, काय वास सुटलाय! बोला मात्र इंग्रजीतच. मध्येमध्ये एखादा फ्रेंच शब्द टाका, मुलांना मजा येते."

"मजा?" एल्मीरने त्यांना सगळं सांगितलं.

हॅरेल ओशाळले. "मला ठाऊक नव्हतं. पण आजच्या दिवशी ते कशाला काढायचं?"

"मग राजमाही कशाला न्यायचा?" तिने झाकण घातलं आणि भांड्यासमोर उभी राहिली.

हॅरेलनी एकदा तिच्याकडे, एकदा घड्याळाकडे पाहिलं. "बरं. तुम्हाला वाटेल ते बोला."

शाळेत एल्मीर बोलली. गुडघ्यांची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत, सगळी फ्रेंचमध्ये. मुलं एकमेकांकडे बघत राहिली. मागच्या रांगेत बसलेले मुलांचे आजी-आजोबा मात्र एकेक करून उभे राहिले. एक आजी तिथूनच फ्रेंचमध्ये ओरडली, "मलाही, बाई! मक्याच्या दाण्यांवर!" तिची नात तिचा हात ओढून विचारू लागली, "आजी, काय म्हणालीस? सांग ना."

राजमा संपला. हॅरेलनी आभार मानले, फुलं दिली.

"माफी कुणी मागितली?" परतताना एल्मीरने विचारलं.

क्लोविसने गाडी घराकडे वळवली.

"बघ! फुलं देतात मेले," ती म्हणाली.