बीजींचा फोटो आणि पक्का स्टँड

चंदीगडला बदली झाली तेव्हा वाटलं, जाताना चार स्वेटर जमतील. जमले किस्से! कारण आमच्या ह्यांनी, एअर फोर्समधल्या एवढ्या सीरियस माणसाने, भंगारातून जुना लाकडी स्टुडिओ कॅमेरा उचलून आणला. वजन कपाटाएवढं, आणि स्टँडचा पत्ता नाही!

इंडस्ट्रियल एरियात हॉस्पिटलच्या खाटा बनवणारा गुरमीत म्हणाला, "स्टँड बना देंगे सरजी. पर पहली फोटो बीजी की!" बीजी म्हणजे त्याची आई. घरात तिचा एकच फोटो होता, आधार कार्डावरचा. "उसमें तो मैं भी नहीं पहचानता," तो म्हणाला.

*

पहिला स्टँड खाटेच्या चाकांवर उभा राहिला. वर्कशॉपची फरशी उतरती आहे, हे कुणाच्या लक्षातच नाही! काळ्या कपड्यात डोकं घालून हे ओरडायला लागले, "बीजी, पीछे! पास मत आइए!"

"पुत्तर, मैं तो बैठी हूँ. तू आ रहा है!"

*

दुसरा असा दणकट, की खुशाल हत्ती बसवा. तो आमच्या क्वार्टरच्या दारातून आत जाईना. उभा, आडवा, तिरका, सगळं करून झालं. गुरमीतने टेप लावून मोजलं आणि घाम पुसला.

"स्टँड ठीक है भाभीजी. दरवाज़ा ग़लत बना है."

*

मग सलूनच्या खुर्चीचा पाय आला. पंप मारला की कॅमेरा वर! पण फोटो घेतानाच तो हळूहळू खाली बसत गेला. प्रिंटवर बीजी पार छतापर्यंत ताणलेल्या!

"इतनी लंबी तो मैं जवानी में भी नहीं थी!" बीजी म्हणाल्या.

सगळे हसले, गुरमीत सोडून. आमची पुढच्या बदलीची ऑर्डर आली होती. मलाही फार वाईट वाटलं.

*

शेवटचा रविवार. बीजी ठेवणीतल्या सूटमध्ये, चेहरा मात्र आधार कार्डावरचाच. हे लेन्सची टोपी काढणार, एवढ्यात कॅमेरा पुन्हा खचायला लागला! गुरमीत झटकन खाली शिरला आणि तो पाठीवर पेलून, गाल फुगवून, श्वास रोखून ओणवा राहिला. ह्यांनी टोपी काढली; सेकंद मोजायचे म्हणून सगळं लक्ष घड्याळाकडे.

"अब हुआ ना पक्का!" हे खूश.

त्या फोटोची एक प्रत गुरमीतकडे आहे, एक आमच्या सांगलीच्या हॉलमध्ये. पाहुणे हमखास विचारतात, "या आजी खाली बघून एवढ्या का हसतायत हो?"

हे छाती फुगवून सांगतात, "स्टँड बघतायत. कसला पक्का झाला होता!"