हनुवटीचा डावा डोळा

त्याचं खरं नाव माझ्या जुन्या हजेरीपटात असेल, पण ते आठवायला आता मलाही थांबावं लागतं. सगळे त्याला हनुवटी म्हणतात. त्याच्या दुकानातल्या फिरत्या स्टुलावर कुणीही बसो, न्यायाधीश असो की न्हावी, त्याच्या कानावर पहिलं वाक्य पडतं ते एकच: "हनुवटी खाली." आणि दुसरं: "इतकी नाही."

त्याचं फोटोचं दुकान पासपोर्ट ऑफिसच्या बरोबर समोर, एका जिन्याच्या खाली आहे. वरून कुणी उतरलं की आतल्यांची डोकी आपोआप आत ओढली जातात. टोकाची भिंत पांढरी. ती दर तीन महिन्यांनी तो स्वतः रंगवतो. भिंतीपुढे स्टूल, दोन बाजूंना दिवे. खुंटीवर एक काळा कोट, मागून चिमटे लावून कुणाच्याही अंगावर बसवता येईल असा. आरशाला दोरीने बांधलेला कंगवा, जो आपण वापरल्याचं आजवर एकानेही कबूल केलेलं नाही. आणि दारातच पाटी:

"चेहरा समोर. दोन्ही डोळे उघडे. तोंड बंद. दात दिसू नयेत. चष्म्यावर चमक नको. मागे सावली नको. फोटोत कोणतीही दुरुस्ती केली जाणार नाही, कृपया आग्रह करू नये."

अक्षर त्याचंच. वळणदार आहे, कारण ते वळण मी लावलेलं आहे.

नियमांच्या बाबतीत हनुवटी ऑफिसपेक्षाही कडक. एकदा माझ्यासमोरच एक दांडगा गृहस्थ स्टुलावर बसला होता.

"तुम्ही रागावलेले दिसताय," हनुवटी म्हणाला.

"मी असाच आहे."

"ऑफिसात असं चालत नाही. चेहरा साधा पाहिजे. पाच मिनिटं बसा, उकडलेल्या बटाट्याचा विचार करा."

गृहस्थ आणखीच रागावला. शेवटी त्याची बायको बाहेरून म्हणाली, "मी घरी जाते," आणि त्याचा चेहरा लगेच साधा झाला.

जे फोटो नियमात बसत नाहीत, ते हनुवटी फेकत नाही. पत्र्याच्या एका डब्यात ठेवतो. डब्यावर लिहिलंय, "नापास". हसू फुटलेले, शिंक आलेले, डोळे मिटलेले, शेजारच्याला काहीतरी सांगत असलेले. मला विचाराल तर आमच्या वस्तीतली माणसं ओळखायची असतील तर तो डबा बघावा. पासपोर्टात सगळे एकमेकांचे चुलतभाऊ दिसतात.

दुकानातली दुसरी व्यक्ती म्हणजे त्याची बायको. ती गल्ल्याशेजारी बसून एका कागदावरच्या आठ प्रती कात्रीने सुट्या करते. बोलते कमी. पण कात्री चालता चालता थांबली की समजावं, आता काहीतरी बोलणार.

तर यंदा त्यांच्या मुलीला दिवस गेले. मुलगी परदेशी. तिने आईला फोन केला आणि नंतर बाबांना वेगळा. आईला म्हणाली, "ये." बाबांना म्हणाली, "बाबा, तुम्ही आल्याशिवाय मी दवाखान्यात पाऊल ठेवणार नाही." हनुवटीने मान डोलावली, जणू फोनवर मान दिसते, आणि त्याच दुपारी दोघांचे अर्ज भरले.

बायकोचा फोटो त्याने स्वतः काढला. एका झटक्यात पास. तिचा पासपोर्ट हातात आला, तिकीटही निघालं.

त्याचा फोटो बायकोने काढला. आणि तिथे घोटाळा झाला.

तीस वर्षं हा माणूस कॅमेऱ्याच्या चिमुकल्या खिडकीला उजवा डोळा लावून, डावा मिटून, बटण दाबत आलेला. आता नव्या कॅमेऱ्याला मागे पडदा आहे, डोळा लावावा लागत नाही. पण सवयीला कोण सांगणार! बटणाचा 'खट्' झाला की याचा डावा डोळा मिटतो. बटण कुणीही दाबो, हा कॅमेऱ्याच्या मागे असो की पुढे. इतके दिवस तो फक्त मागेच होता, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्याच्याही नाही.

पहिला फोटो काउंटरवरच्या कारकुनाने भिंगाखाली धरला. हा कारकून चष्म्यावर भिंग वापरतो, म्हणजे त्याला सगळं दोनदा दिसतं.

"काका," तो म्हणाला, "सरकारला डोळा मारता?"

मागच्या रांगेत हशा पिकला. त्या रांगेतल्या निम्म्या लोकांना हनुवटीने त्याच सकाळी "दात दिसू नयेत" म्हणून दटावलं होतं. आता त्यांनी मनसोक्त दात दाखवले.

मग सुरू झाले प्रयोग. बायकोने न मोजता खट् केलं, बोलता बोलता केलं, गल्ल्याखाली लपून केलं. डोळा मिटलेलाच. त्याच्या कानात कापूस घातला, तर तो तिच्या बोटाकडे बघत राहिला आणि बोट हललं की डोळा मिटला. आपोआप फोटो निघण्याची सोय कॅमेऱ्यात असते, दहा आकडे मोजून. ती लावली, तर आठापासूनच पापणी थरथरू लागली. पापणीला चिकटपट्टी लावली, ती फोटोत दिसली.

"तुम्ही मुद्दाम करताय का हो?" बायकोने विचारलं.

"मी कशाला मुद्दाम करू? मला जायचंय!"

"मग त्याला सांगा ना, उघडा राहा म्हणून."

"सांगतोय. ऐकत नाही."

"नवल काय. तुमचाच डोळा तो."

शेवटी हनुवटीने जे केलं ते मला त्याने मान खाली घालून सांगितलं. शाळेत खिडकीची काच फुटली होती तेव्हा घातली होती, तशीच. त्याने संगणकावर आपला उघडा उजवा डोळा उचलला, उलटा केला आणि डाव्याच्या जागी बसवला. पाटीवरची शेवटची ओळ त्याच्या पाठीमागेच होती. मागे वळून बघितलं नाही, म्हणाला.

कारकुनाने भिंग लावलं. या डोळ्यावरून त्या डोळ्यावर नेलं. मग हळूच विचारलं, "काका, तुमच्या दुकानाला दारं किती?"

"एक."

"मग या डोळ्यात दार डावीकडे चमकतंय आणि त्या डोळ्यात उजवीकडे, ते कसं?"

हनुवटीने फोटो हळूच आपल्याकडे ओढला. कारकून माणूस वाईट नव्हता. आवाज आणखी खाली आणून म्हणाला, "मी फक्त 'फोटो अयोग्य' एवढंच लिहितो. पण दोनदा परत गेला आता. तिसऱ्यांदा गेला की अर्ज बंद, सगळं पहिल्यापासून. दोन महिने धरा. सोमवार शेवटचा."

मुलीचे दिवस भरत आले होते; दोन महिन्यांत नातवंड मान धरायला लागलं असतं.

रविवारी मी त्याच्याकडे गेले ते माझ्याच कामासाठी. निवृत्तीवेतनाच्या ओळखपत्राला नवा फोटो हवा होता. दुकान बंद असतं, पण मला तो दार अर्धं उघडून आत घेतो. दोघांचे चेहरे उतरलेले होते. तिची बॅग कोपऱ्यात अर्धी भरून उघडी पडली होती. त्यात त्याचा स्वेटर वर होता. ती तो सारखा काढत होती आणि परत ठेवत होती.

"नेऊन काय करू?" ती मला म्हणाली. "स्वेटर एकटाच जाणार."

हनुवटीने माझा फोटो काढला. "बाई, हनुवटी खाली." घेतली. "इतकी नाही." माझ्याच हाताखाली शिकलेला मुलगा मला मान कशी धरायची ते सांगतो. पण त्याचं काम चोख. छपाई झाली, आठ बाईंचा ओला कागद त्याने हातभर लांब धरला आणि तपासू लागला. या वयात त्याला हातभर लांबचंच नीट दिसतं. कपाळ, कान, सावली, हनुवटी. तेवढ्यात जिन्यावर कुणाच्या तरी हातून रिकामा हंडा घरंगळला. तो दाण दाण करत अख्खा जिना उतरला. मी दचकले. बायकोच्या हातून कात्री पडली.

हनुवटीची पापणीसुद्धा हलली नाही. दोन्ही डोळे टक्क उघडे. चेहरा असा, की त्यावर ना राग ना लोभ.

मी बायकोकडे बघितलं. तिने माझ्याकडे. खाली पडलेली कात्री तिने उचललीच नाही.

"अहो," ती म्हणाली, "जरा स्टुलावर बसा. मागे सावली पडतेय का ते बाईंना दाखवायचंय."

"आता कशाला?"

"बसा म्हणते ना."

तो बसला. तिने 'नापास' डबा उघडला, तळाशी हात घालून एक जुना फोटो काढला आणि माझ्या हातात देऊन कानात पुटपुटली, "कॅमेऱ्याच्या भोकाखाली अगदी चिकटून धरा." ती कॅमेऱ्यामागे गेली.

"अरे, हा बघ बरं," मी म्हटलं, "यात नेमकं काय चुकलंय?"

त्याने बघितलं. खट्! डावा डोळा उघडा राहिला. उजवाही. पण तोंडही उघडलं, कानापर्यंत. बत्तीसच्या बत्तीस दात.

फोटो त्याच्या बायकोचाच होता, लग्नाआधीचा. कॉलेजच्या ओळखपत्रासाठी ती पहिल्यांदा त्याच्याकडे आली, तेव्हा तीनदा बसवूनही तिन्ही वेळा फिसकन हसली होती. याने तिला चौथ्यांदा बोलावलं. मग बोलावतच राहिला.

"हा कशाला दाखवलास?" तो लाजून लाल झाला होता.

"मला वाटलं, इतक्या वर्षांनी काही वाटणार नाही तुम्हाला," ती म्हणाली. आणि तीही तशीच फिसकन हसली.

आनंद ठीक आहे, पण फोटो नापासच. आता असं काहीतरी हवं होतं की जे बघताना हा माणूस गढून जाईल, पण मनात काही उठणार नाही. मी इकडेतिकडे बघितलं. मग माझ्या लक्षात आलं. टेबलावर माझाच कागद वाळत पडला होता. मी तो उचलून कॅमेऱ्याच्या भोकाखाली धरला आणि म्हटलं, "हे राहू दे. माझा तपास आधी. डावा कान उजव्यापेक्षा मोठा आलाय."

"येणार नाही," तो म्हणाला आणि तपासू लागला. त्याचं तोंड मिटलं. खांदे सरळ झाले. हनुवटी खाली गेली, इतकी नाही. दोन्ही डोळे माझ्या आठ चेहऱ्यांवरून एकेक करून फिरले आणि मधल्या एकावर थांबले.

खट्.

त्याला ते ऐकूही गेलं नाही. "कान सारखेच आहेत बाई," तो म्हणाला, "तुमची मान वाकडी आहे."

पडद्यावरचा फोटो तिने त्याच्यासमोर धरला. त्याने तो वरून खाली, खालून वर तपासला, आणि स्वतःला पास केलं.

"मला मेलीला वाटलं होतं," बायको म्हणाली, "मला बघून तरी यांचा चेहरा सरळ राहील. पण बाई, कमाल तुमची!"

पस्तीस वर्षं मी वर्गात शिरले की चाळीस मुलांचे चेहरे असेच व्हायचे. ती विद्या कधीतरी उपयोगी पडेल, असं वाटलं नव्हतं.

सोमवारी मीही सोबत गेले. कारकुनाने फोटो ठेवला, त्यावर अंडाकृती रेघ असलेली पारदर्शक पट्टी ठेवली, मग भिंग. आधी डावा डोळा. मग उजवा. मग पुन्हा डावा. हनुवटीने माझी बाही धरली होती. त्याचं त्याला ते ठाऊक नसावं.

"दोन्ही डोळ्यांत काहीतरी पांढरं चौकोनी चमकतंय," कारकून म्हणाला. "पण एकाच बाजूला आहे. दोन्हीकडे सारखं." त्याने भिंग आणखी जवळ नेलं. "त्यात ठिपकेपण आहेत. आठ. हे काय आहे काका?"

हनुवटीने माझ्याकडे बघितलं.

"बाई आहेत," तो म्हणाला.

कारकुनाने आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं, आणखी काही विचारावं असं त्याच्या मनात आलं, पण मागची रांग वाढली होती. त्याने शिक्का उचलला आणि मारला.

पासपोर्ट आला. दोघंही गेले. स्वेटरही गेला.

परवा त्यांचं पाकीट आलं. आत चिठ्ठी नाही, फक्त एक फोटो. जावयाने काढलेला असावा, कारण थोडा तिरका आहे. हनुवटी खुर्चीत बसलाय. मांडीवर आठवडाभराची नात. पोरीची मान त्याने दोन बोटांनी अशी धरलीय की हनुवटी खाली, पण फार नाही. ती दोन्ही डोळे उघडे ठेवून, तोंड मिटून, सरळ समोर बघतेय. आजोबांचे सगळे दात दिसताहेत आणि डावा डोळा गच्च मिटलेला आहे.

मागे माझ्याच वळणाच्या अक्षरात लिहिलंय: "बाई, नात पास. आजोबा नापास. डब्यात टाकावा."

दुकानाची किल्ली माझ्याकडेच आहे. उद्या जाऊन टाकते. सगळ्यांत वर.