ह्यांच्या कानातली खपली

मागच्या महिन्यात एका सोमवारी निजामपुऱ्यात कानाच्या डॉक्टरीणबाईंशी भांडायला गेले होते. खरंच भांडायलाच... एका हातात आमच्या ह्यांची कानाची मशीन, दुसऱ्या हातात ह्यांचं मनगट.

आमचे हे कापडाच्या लूमवर कामाला. उभं आयुष्य त्या खडखडाटात गेलं आणि कानही त्यातच गेले. घरात काही सांगायचं तर मी ओरडणार, आणि आमच्या अर्ध्या नारपोलीला वाटणार की आमची मारामारी चाललीय. शेवटी मुलीने ह्याच बाईंना दाखवून मशीन घेऊन दिली. पहिल्या दिवशी हे वर बघत म्हणाले, "आपला पंखा वाजतोय का गं?" अहो, तो कधीपासून वाजतोय!

बरं चाललं होतं. मग कानात खाज... मग खपली. ती पडली की खाली ओलं, वर परत नवी खपली, उशीवर रक्ताचे ठिपके. ह्यांना तर निमित्तच पाहिजे होतं. "मला न्हाय सोसत ती. देऊन टाक परत." मशीन कपाटावर आणि मी परत ओरडायला मोकळी.

आता सल्ले ऐका. शेजारच्या जुबेदा आपा म्हणाल्या, "लसूण जलाके तेल डालो ना भाभी, मेरे अब्बा का कान उसीसे ठीक हुआ." खारबावहून माझ्या जावेचा फोन, कान शेक म्हणून. मेडिकलवाल्याने तर कान न बघताच ड्रॉपची बाटली हातात ठेवली. "मावशी, सगळे हेच नेतात." सगळ्यांचे कान सारखेच आहेत का रे बाबा?

आणि हे काय करत होते? काडेपेटीतली काडी घेऊन खपली टोकरत होते. माझ्यासमोर! हात धरला की म्हणायचे, "अगं, बरं वाटतं."

मी ठरवलं, दोष मशीनचाच. ज्यांनी गळ्यात मारली त्यांनाच विचारायचं. दवाखान्यात बसायच्या आधीच सुरू झाले... "तुमच्या मशीनने आमच्या माणसाचा कान सडवला!"

बाई वयाने लहान, पण घाबरल्या नाहीत. "काकू, ओरडा. पण आधी मला कान बघू द्या."

लाइट लावून दोन्ही कान बघितले. म्हणाल्या, खपली म्हणजे आतली कातडी कशाने तरी दुखावली आणि आता भरून यायला बघतेय. कोणाला डोक्यातला कोंडा कानात उतरून होते, कोणाला एक्झिमाने, कोणाला बुरशीने. कोणाला हेअर डाय किंवा खोट्या कानातल्यांची ॲलर्जी. आणि काड्या, पिना घालणारे तर रोजचेच. कारण सापडत नाही तोवर खपली येतच राहणार.

मग त्यांनी मशीन मागितली. कानात जाणारं रबर उजेडात धरलं, नखाने खरवडलं. पांढरी पूड पडली. ह्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "काका, मशीन कुठे ठेवता?"

ह्यांनी शर्टाच्या खिशावर थाप मारली. मशीन घालून लूमवर उभं राहिलं तर आवाजाने डोकं फुटतं, म्हणून ड्युटी लागली की काढून खिशात टाकतात. त्याच खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी... झाकण सैल झालेली. वर तंबाखू मळलेल्या बोटांनीच मशीन परत कानात!

चुना! पानात जरा जास्त पडला तर जीभ सोलते, आणि हा माणूस रोज तो कानात भरत होता. मी मशीनला शिव्या देत होते!

"मशीनसोबत डबी दिली होती ना?" बाईंनी विचारलं. "हाय की," हे म्हणाले, "कपाटात. वापरून खराब होईल म्हणून जपून ठेवलीय." बाई हसल्या. मी नाही हसले. मी घरी गेल्यावर काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कान बरा होईपर्यंत मशीन बंद ठेवायला सांगितली. लिहून दिलेलं औषध तेवढंच घालायचं. तेल नाही, शेक नाही, आंघोळीला पाणी आत जाऊ द्यायचं नाही. खपलीला हात लावायचा नाही, ती आपली आपण पडते. दुकानातून आणलेले ड्रॉपही न तपासता घालायचे नाहीत, पडद्याला भोक असेल तर भलतंच होतं. ठणका लागला, पू आला, ताप आला, तर लगेच दाखवायचं.

लूमवाल्या भावांनो, तुमचे हात चुन्याचे असतात, कानाला लावायच्या आधी ते धुवा. आणि मालकांनो, लूम चालवणाऱ्याला कानात घालायला बोळे दिले तर तुमचं काय जातं? कुणी मागितले की हसता. आमच्या घरात येऊन दोन दिवस ओरडून बघा, मग हसा.

डॉक्टरीणबाई, हे वाचत असाल तर... मी फार बोलले त्या दिवशी. तुमचे उपकार आहेत.

काल बाईंनी कान परत बघितला, कातडी साफ भरलीय. घरी येऊन ह्यांनी साबणाने हात धुतले आणि मशीन घातली. मी भाकरी टाकत होते, सवयीने तिथूनच ओरडले, "जेवायला चला!"

"अगं, हळू बोल की... येतंय ऐकू."

हळू बोल असं मला आजवर सगळ्यांनी सांगितलंय. आई, सासू, शेजारी, सगळ्यांनी. ह्यांनी कधीच नाही. रागच आला आधी. मग भाकरी उलटली आणि हळूच म्हटलं, या जेवायला...

आले.