गयाची किडनी शेवटपर्यंत चालली

गयाला, माझ्या बायकोला, जाऊन दीड महिना झाला. त्या दिवशी सकाळी उस्मानपुऱ्यातल्या लॅबमधी तिचं महिन्याचं रक्त देऊन आलो. तिनं पोहे केले. दुपारी छातीत कळ आली अन् दवाखान्याच्या दारातच संपलं सगळं... आता भेटायला येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "बसवलेली किडनी फेल गेली का?" नाय गेली. तिसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन रिपोर्ट आणला. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचा आकडा, एक पॉइंट एक, अगदी चांगला. हृदय बंद पडलं तिचं, किडनी नाय. मी चौथी शिकलेला माणूस, पण एवढं सगळ्यांना कळावं म्हणून लिहायला बसलो.

सात वर्षांमागं तिचं लिव्हर खराब झालं, त्यापायी किडन्या बी बसल्या. कोणाच्या तरी घरचं माणूस गेलं अन् त्या लोकांनी दोन्ही अवयव दिले. एकाच माणसाचं लिव्हर, एकाच माणसाची किडनी, एकाच दिवशी बसवली. लिव्हरनं लगेच काम धरलं. किडनी मात्र गप. बारा दिवस डायलिसिस चालूच. पाचोडचे पाहुणे लिव्हरचं विचारायचे अन् मी नर्सच्या मागं, "सिस्टर, लघवी किती झाली?" गया पडद्यामागून वरडायची, "अहो, साऱ्या दवाखान्याला कशाला सांगता!" तेराव्या दिवशी पिशवी भरली. मी पेढे वाटले. एका बाईनं विचारलं, "नातू झाला का?" म्हटलं, "नाय, बायकोला लघवी झाली." डॉक्टर लई हसले. म्हणाले, "बाबा, सोबत त्याच माणसाचं लिव्हर आहे, ते किडनीला सांभाळून घेतं. पण पाणी अन् गोळ्या तुम्ही सांभाळा."

दोन वर्षं ब्येस गेली. तिसऱ्या वर्षी मला अटॅक येऊन गेला, अन् मागोमाग हरतालिका आली. नवऱ्याच्या आयुष्यासाठी निर्जळी उपास करायचा, हे तिनं डॉक्टरच्या धाकानं सोडलेलं. त्या वर्षी मला न सांगता धरला. पाणी नाय, म्हणून दोन्ही वेळच्या गोळ्या बी नाय. चार दिवसांनी रिपोर्ट आला, क्रिएटिनिन दुप्पट. डॉक्टरनं खोदून विचारलं तेव्हा कबूल झाली. ॲडमिट केलं, सलाईन लावलं. मी तिथंच भडकलो, "माझं आयुष्य वाढवायला किडनी घालवतीस? मग मी जगून काय करू?" ती रडली नाय. म्हणाली, "तुमी रागवून मोकळे झाले. पण ज्याची किडनी मी वाळवली, त्याला काय सांगू?"

सहाव्या दिवशी आकडा उतरला, तोवर मी घरी गेलो नाय.

त्याच महिन्यात सर्वपित्री अमावस्या आली. आमच्या वाडवडलांच्या पानाशेजारी तिनं एक पान जास्तीचं वाढलं. म्हटलं, "हे कोणाचं?" "ज्यानं दिली त्याचं." नाव माहीत नाय, जात माहीत नाय, बाप्या का बाई ते बी नाय. हात जोडून म्हणाली, "चुकलं माझं. परत नाय करायची." अन् नाय केलं. पुढं दरसाल ते पान वाढलं. एरवी किडनीसाठी घरात सगळं अळणी, मी बी तेच खायचो. त्या पानावरची आमटी मात्र झणझणीत, मीठ पुरतं. म्हणायची, "त्याला कशाला पथ्य?"

यंदाची अमावस्या आठवड्यावर आली. भावकी म्हणती, घरातलं माणूस गेलंय, वर्ष होईस्तोवर पान वाढू नये. मी सांगितलं, गयाचं नका वाढू, तिचं बघू वर्षानं. पण त्या माणसाचं पान चुकायचं नाय. त्याची किडनी आम्ही नीट वापरली, हे त्याला कोणी तरी सांगाया पायजे. सून म्हणाली, "मामा, मी करते आमटी." म्हटलं, नाय, मीच करीन. चूल मला येती. फक्त मिठाचा अंदाज लागंना. सात वर्षं अळणी खाऊन जीभ विसरली, अन् नैवेद्याचं आधी चाखायचं नसतं.

गयाला न चाखता जमायचं.